चारुलताबाई आणि शाळेची श्रेणी

आर्जव हा गुण दिसायला फार साधा आहे, आणि बहुधा म्हणूनच तो ओळखला जात नाही. दान दिसते, शौर्य दिसते, विद्वत्ता तर स्वतःच पुढे येऊन बसते. मनाचा सरळपणा मात्र कोठेही उठून दिसत नाही. ओळंब्यात उभारलेल्या भिंतीसमोर कोणी थबकत नाही. भिंत कललेली असली तरच माणसे मान वर करून पाहतात. पुष्कळांना आर्जव म्हणजे स्पष्टवक्तेपणा वाटतो. परंतु स्पष्टवक्त्याला ऐकणारा लागतो, आणि अनेकदा दुखावला जाणाराही लागतो. आर्जवाची तशी काही गरज नसते. जे आहे ते आहे तसे मांडावे, त्यात आपल्या सोयीचा अंश मिसळू नये, आणि त्यानंतर जे पदरी येईल ते कुरकुर न करता घ्यावे, एवढीच त्याची व्याप्ती. यातला शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे. कारण खऱ्याचे मोल आपण एकट्याने देत नाही. ते शेजारच्यालाही द्यावे लागते, आणि त्याने ते कबूल केलेले नसते.

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनारच्या रस्त्यावर, केळी आणि कपाशी यांच्या वावरांमध्ये वसलेल्या एका गावच्या सरकारी हायस्कुलात चारुलता ललित महाजन यांनी आपली सारी नोकरी केली. माहेर जैनाबादचे. वडील लीलाधरभाऊ कपाशीचे शेतकरी. मुलीला गणित आवडते याचे त्यांना नवल वाटे, आणि त्या नवलातच त्यांनी तिला एम.एस्सी.पर्यंत शिकू दिले. तापीचा पूल ओलांडून सायकलीने बुऱ्हाणपुरात जायचे, आणि परतताना पुलावर थांबून पाणी पाहत एखादे अडलेले गणित मनात सोडवायचे, हा त्यांचा कॉलेजातला परिपाठ होता. पुढे लग्न होऊन त्या महाजनांच्या घरी आल्या. ललितराव केळीचे बागायतदार, मितभाषी, पण ऐकून घेणारे. योगायोग असा की नेमणूकही सासरच्याच गावी मिळाली.

त्यामुळे गावाशी त्यांचे नाते दुहेरी होते. शाळेच्या फाटकापर्यंत डोक्यावर पदर आणि फाटकाच्या आत तो खांद्यावर, अशी पहिली काही वर्षे गेली. फाटकाबाहेर त्या 'सूनबाई' आणि आत 'मॅडम'. वडीलधाऱ्यांना यातले कोणते संबोधन केव्हा वापरायचे हे अचूक कळे. काम असले की मॅडम, राग असला की सूनबाई.

त्यांची शिकवण्याची एक लकब विद्यार्थ्यांच्या ध्यानात राही. फळ्यावर कोणाचे गणित चुकले की ते मूल घाईने डस्टर उचले. बाई म्हणत, "पुसू नको. चूक राहू दे. तिच्या खाली लिही." मग त्या मुलाला उलट दिशेने एकेक पायरी वर नेत, जेथे वाट वाकडी झाली तेथपर्यंत. ते ठिकाण सापडले की मुलाचा चेहरा असा उजळे की जणू उत्तरच मिळाले. बाईंच्या लेखी खरोखर ते उत्तरच असे.

शाळेचा लौकिक मोठा होता. फाटकाशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात ठळक 'अ' काढलेला होता. राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांना श्रेणी देण्याची जी रीत घालून दिली होती तिच्यात एकच प्रश्न विचारला जाई : दहावीच्या परीक्षेला जितकी मुले बसली त्यांपैकी किती उत्तीर्ण झाली. उत्तर चांगले असले की श्रेणी अ, आणि पडले की शिक्षकांना वरिष्ठांसमोर उभे राहावे लागे. प्रश्न असा असला की शहाणी माणसे उत्तराची तजवीज करतात. या शाळेतील शिक्षक बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती. त्यांनी ती तजवीज आपल्या वावरातून उचलली.

केळीच्या खोडाभोवती पिले फुटतात. ती वाढू दिली तर मूळ झाडाचा जोर वाटला जातो आणि घड बारीक राहतो. म्हणून जाणता शेतकरी पिले वेळच्या वेळी कापून टाकतो. शाळेतही हेच सुरू झाले. नववीच्या सहामाहीनंतर जी मुले कच्ची दिसत त्यांच्या आईबापांना बोलावणे जाई. त्यांना गोडीगुलाबीने सांगण्यात येई की मुलाला शाळेतून काढा आणि दहावीचा प्रायव्हेट फॉर्म भरा. म्हणजे तुमचेही ओझे हलके आणि आमचेही. नाव कमी होई. दहावीला निवडक मुले उरत आणि घड भरघोस येई. शिक्षकांच्या खोलीत या कामाला उघडपणे 'पिलं काढणं' म्हणत. त्यात कोणाला क्रौर्य वाटत नसे. घरोघरच्या बागांत जे चाले ते शाळेत चालले तर बिघडले काय?

चारुलताबाईंना हे रुचत नव्हते. तेव्हाच्या प्राचार्यांना त्यांनी एकदा तसे बोलूनही दाखवले. ते हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरच्या केळीची पिलं कोणी कापत नाही का?" त्यानंतर बाईंनी आईबापांना बोलावण्याच्या कामात कधी भाग घेतला नाही, मात्र ते काम थांबलेही नाही. वर्गात मागचे बाक रिकामे होत, आणि त्यांचे डोळे तिकडे वळत.

मग प्राचार्य निवृत्त झाले आणि प्रभार चारुलताबाईंकडे आला. त्याच वर्षी राज्याने नियम बदलला.

बुऱ्हाणपुरात सर्व प्राचार्यांची बैठक झाली. नवे अधिकारी तरुण होते, हिंदीत बोलत होते, आणि आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "अब तक हम पूछते थे कि कितने पास हुए. अब पूछेंगे कि बाकी कहाँ गए." नियम सुटसुटीत होता. गणना दहावीपासून न करता नववीच्या प्रवेशापासून करायची. नववीत जितकी मुले आली त्यांपैकी किती त्याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झाली, यावर श्रेणी ठरणार. अधेमधे गळालेले प्रत्येक मूल शाळेच्या विरुद्ध धरले जाणार. जे कुटुंबासह मजुरीसाठी परगावी गेले तेवढेच या गणनेतून वगळायचे. मागच्या वर्षांच्या मुलांचाही तक्ता याच रीतीने भरून महिनाअखेर पाठवायचा होता.

परतीच्या बसमध्ये श्रीकांत सर शेजारी होते. त्यांचे वडील महाराष्ट्रातून येऊन नेपानगरच्या कागद कारखान्यात लागलेले. सरांचा जन्म तेथलाच. विज्ञान ते उत्तम शिकवत आणि बोलणे त्यांना फार आवडे.

"मॅडम, साहेब जवान आहे," ते म्हणाले. "शादी झाली की थंडा होईल."

"तोवर तक्ता भरायचा आहे, सर."

"तक्त्यात खाना दिलाय ना त्यांनीच. मजुरीसाठी बाहेरगावी. टाका सगळ्यांना त्यात. आपल्या इलाक्यातून लोक जातातच ऊसतोडीला. झूठ तर नाही."

"सगळे गेले आहेत?"

"आता आपल्याला काय मालूम? आपण काय त्यांच्या मागं मागं फिरलो?"

सर सहज बोलून गेले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बाईंच्या मनात मात्र ते वाक्य रुतले. खरेच, आपण त्यांच्या मागे कधी गेलो नाही. नाव कमी झाले की मूल संपले, असे धरून चाललो.

या तक्त्यावर आणखी एक गोष्ट अवलंबून होती, आणि ती गावाच्या जिव्हाळ्याची होती. शाळा दहावीपर्यंतच. पुढे शिकायचे तर खकनारला जावे लागे. मुलगे जात, मुली घरी बसत. गावाने कित्येक वर्षे अर्ज-विनंत्या करून अकरावी-बारावीच्या वर्गांचा प्रस्ताव अखेरच्या टप्प्यापर्यंत नेला होता. मंजुरीची अट एकच : शाळेची श्रेणी अ असावी. आजवर ती चिंता नव्हती. आता होती.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष लोटूआबा पाटील. वय झालेले, टोपी पांढरीशुभ्र, गावात शब्द मानला जाणारा माणूस. त्यांची नात पूनम त्या वर्षी दहावीत होती. मुलगी हुशार, शांत, पुढच्या बाकावर बसणारी. तिला नर्स व्हायचे होते आणि तिच्या वडिलांनी सांगून टाकले होते की गावात अकरावी आली तर शिकवीन, खकनारला पाठवणार नाही.

लोटूआबा एका सकाळी कार्यालयात येऊन खुर्चीवर टेकले.

"मॅडम, तक्ता गेला का?"

"नाही आबा. नावं तपासते आहे."

"तपासाले काय हाय त्यात? सर म्हने, एक शबुद लिवाचा हाय फक्त."

"शब्द एकच आहे, खरं."

"मंग? एका शबदानं बोटं दुखतात काय?"

बाई हसल्या. आबाही हसले, पण लगेच गंभीर झाले.

"पाहा, मले तुमचा कायदा समजत नाय. मले एवढं समजते, त्या शबदात माह्या नातीची अकरावी हाय. आन् तिच्या संगच्या पोरीयची बी. तुम्ही या गावच्या सून. तुमाले सांगा लागते काय?"

"आबा, मला रविवारपर्यंत वेळ द्या."

"द्याले काय, घ्या की मंगळवारपर्यंत," आबा उठत म्हणाले. "पण लिवजा तोच शबुद."

रविवारी ललितरावांनी मोटारसायकल काढली. बाई मागे बसल्या आणि गळालेल्या मुलांची घरे पाहायला निघाल्या. पहिले घर कुलूपबंद होते. शेजारणीने सांगितले की मुकादमासोबत सगळे ऊसतोडीला गेले, होळीला येतील. बाईंनी त्या मुलाच्या नावापुढे बाहेरगावी असे लिहिले. त्यात खोटे काही नव्हते. पुढचा मुलगा देडतलाईच्या बाजारात टायरच्या दुकानी सापडला. रोज सकाळी जातो, संध्याकाळी येतो. त्याने ग्रीसचे हात मागे लपवून नमस्कार केला. एकीचे लग्न झाले होते. एक जण केळीच्या गाड्या भरत होता. हिंडता हिंडता दुपार कलली, आणि चारुलताबाईंच्या ध्यानी आले की खरोखर दूर गेलेली मुले थोडी आहेत. बहुतेक जण शाळेची घंटा ऐकू येते तेवढ्या परिघातच आहेत. ती त्यांना रोज ऐकू येत होती.

शेवटचे नाव किरणचे होते. घरी कोणी नव्हते. "वेचणीले गेल्या मायलेकी, आबाच्या वावरात," एका म्हातारीने सांगितले. ते वावर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होते.

कापूस भरात फुटला होता. बायका ओळीने वेचत होत्या, कमरेला बांधलेल्या ओट्या फुगलेल्या. किरणची आई इंदुबाई बाईंना पाहून लगबगीने बांधावर आली. किरण तिच्या मागे, अर्धी लपलेली.

"मॅडम, तुम्ही वावरात? मले बलावाचं ना शाळेत."

"सहज आले, इंदुबाई. किरण शाळा सोडून आता घरीच?"

"हव. तिचं डोकं गणितात नाय चालत ना." इंदुबाईंच्या स्वरात तक्रार नव्हती. "मोठ्या सरायनं मले बलावलं होतं. बसाले खुर्ची देली, चहा पाजला. मले आजवर कोन्ही खुर्ची नोती देली, मॅडम. म्हने, बाई, हिचा प्रायवेट फारम भरा, नाय तं शाळेचं नाव खराब होते. म्या म्हनलं, व्हय, आपल्या एका पोरीपायी गावच्या शाळेचं नाव कायले खराब करा?"

ही स्त्री गाऱ्हाणे सांगत नव्हती. आपल्या हातून शाळेसाठी काहीतरी झाले हे सांगत होती. तिच्या दृष्टीने तो अ तिनेही थोडासा काढलेला होता.

"मग परीक्षा दिलीस का गं?" बाईंनी किरणला विचारले.

"फारम भरला होता मॅडम. सेंटर खकनारला आलं," किरण खाली पाहत म्हणाली. "कोन्ही नेलं नाय."

इतक्यात वेचणी पाहायला लोटूआबा बांधावरून येताना दिसले. सूनबाई आणि ललित असे उतरत्या उन्हात वावरात उभे पाहून ते थबकले.

"आबा, बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "ही किरण. हिच्या नावापुढं काय लिहू, ते सांगा."

आबांनी किरणकडे पाहिले, तिच्या भरलेल्या ओटीकडे पाहिले, आणि मग लांब शाळेच्या भिंतीकडे.

"मजुरीसाठी महाराष्ट्रात गेली, असं लिहू?"

"माह्या वावराले महाराष्ट्र बनवता काय, सूनबाई?" आबा म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच थोडे हसू आले. वेचणाऱ्या बायकाही पदर तोंडाशी नेऊन हसल्या. पण ते हसू टिकले नाही. आबांनी टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही वकील व्हाले पाह्यजे होतं. बरं, किरनचं झालं. माह्या नातीचं काय?"

"त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आबा."

"नाय?"

"नाही. शोधेन. पण आज नाही."

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, "जे लिवाचं ते लिवा. पण गावाले तुम्हीच सांगा. मले तोंड नाय."

घरी येताना ललितरावांनी आपल्या बागेशी गाडी थांबवली. पिलबाग होती, मागच्या वर्षी राखलेल्या पिलांना घड लागले होते. ते खाली उतरले, एका झाडाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "चारू, पील कापलं की तिथंच वाळते. खत होते. म्हणून आपण कापतो. पोरगं कापलं तर वाळत नाही. ते दुसऱ्याच्या वावरात वेचत राहते." एवढे बोलणे त्यांच्यासाठी पुष्कळ होते. बाईंनी मान हलवली. निर्णय झालेला होता. त्याला सोबत मिळाली.

तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे जसे होते तसे लिहिले गेले. जे खरोखर गेले होते त्यांच्यापुढे गेल्याचे, आणि जे येथेच होते त्यांच्यापुढे येथे असल्याचे. मारुतीच्या पारावर गाव जमले तेव्हा बाईंनी उभे राहून ते सांगितले. भाषण केले नाही. कोणते मूल कोठे आहे ते सांगितले, नवी श्रेणी खालची येईल तेही सांगितले.

"मंग अकरावी गेली म्हना," कोणीतरी म्हणाले.

"या वर्षी गेली."

"तुमचं काय जाते मॅडम? तुमचा पोरगा जीवन इंदूरले शिकते," एका बाईने मागून म्हटले.

"खरं आहे," चारुलताबाई म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या आरंभी श्रेणी आली : ड. अकरावीचा प्रस्ताव परत आला. भिंतीवरचे अक्षर बदलायला पेंटर बोलावला तेव्हा त्याने अदबीने विचारले, "मॅडम, लहान काढू का?" बाई म्हणाल्या, "जेवढा अ होता तेवढाच काढा." जाणाऱ्या-येणाऱ्याला ते अक्षर रस्त्यावरून वाचता येई. दूधडेअरीवर त्या गेल्या की बोलणी थांबत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला काही घरांतून बोलावणे आले नाही. लोटूआबा वाटेत भेटले की नमस्कार करत, पण फाटकाबाहेरही आता 'मॅडम'च म्हणत. त्यातला दुरावा बाईंना कळत होता.

पूनम दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि घरी बसली. ही गोष्ट झाकण्यासारखी नाही आणि चारुलताबाईंनीही ती कधी झाकली नाही. त्या पूनमच्या वडिलांकडे गेल्या. त्यांनी चहा दिला, पण शब्द दिला नाही. पुन्हा गेल्या, तेव्हा चहाही आला नाही. पूनम ओट्यावर शेवया वळत होती. तिने मान वर केली नाही. आपण सरळ राहिलो त्याची झळ या मुलीला लागली, हे ओझे बाई मग कायम वाहत राहिल्या. तक्ता चुकला असे मात्र त्यांना एकदाही वाटले नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

जूनमध्ये नवे काम सुरू झाले. नियमाने आता सुटलेल्या मुलाला पुन्हा घेण्याची मुभा होती. किंबहुना परत आलेले मूल शाळेच्या बाजूने धरले जात होते. चारुलताबाई पुन्हा त्याच घरी गेल्या. टायरच्या दुकानचा मुलगा आला नाही. मालकाने त्याला आता हत्यारे सोपवली होती आणि त्याला ते काम आवडत होते. बाईंनी आग्रह धरला नाही. केळी भरणारा आला. किरण आली, पण वर्गातल्या मुलींपेक्षा आपण मोठ्या दिसतो म्हणून भिंतीकडे तोंड करून बसू लागली. बाईंनी तिला वर्गाबाहेर बोलावून म्हटले, "वय फळ्यावर लिहिलेलं नसतं. इकडे तोंड कर, नाहीतर मान दुखेल."

परत आलेल्या मुलांसाठी शाळा भरण्याआधी एक तास घेतला जाऊ लागला. प्रारंभी बाई एकट्याच होत्या. काही महिन्यांनी एका थंड सकाळी श्रीकांत सर मफलर गुंडाळून येऊन उभे राहिले.

"सर, तुम्ही? नेपानगरहून एवढ्या सकाळी?"

"काय करता मॅडम. घरी बायको म्हणते, तुमची शाळा ड, तुम्ही बी ड. रोज ऐकण्यापेक्षा इथं थंडीत बरं."

मुले हसली. सर फळ्याकडे वळले आणि प्रकाशाचे परावर्तन शिकवू लागले. त्यानंतर ते नियमाने येत राहिले, आणि प्रत्येक सकाळी थंडीची किंवा बसची तक्रार करत राहिले.

किरण पहिल्या खेपेस गणितात राहिली. पूरक परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. निकाल कळला त्या दिवशी इंदुबाई कार्यालयात आल्या. बाईंनी खुर्ची पुढे केली. इंदुबाईंनी ती ओढून नीट मांडली, बसल्या आणि विचारले, "आता शाळेचं नाव खराब नाय ना झालं?" चारुलताबाई म्हणाल्या, "नाही. आता बरं होऊ लागलं."

त्या वर्षी श्रेणी क आली. श्रीकांत सरांनी पेंटरला फोन करायची परवानगी मागितली, तेव्हा बाई म्हणाल्या, "करा. पण पेढे नको. क ला पेढे वाटत नाहीत."

याच सुमारास लोटूआबा एकदा फाटकात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"गावात अकरावी येईस्तोवर पोरी म्हाताऱ्या होतील," ते बाहेरूनच म्हणाले. "म्या पोराले सांगितलं, आपली जीप सकाळी खकनारले जाईल. पाच पोरी बसतील तं पाच, दहा बसतील तं दहा. पूनमच्या बापाले म्याच समजावलं. समजावलं म्हंजे, आवाज केला."

"आबा, आत या ना."

"नाय. पेरणी हाय." ते वळले, दोन पावले गेले आणि थांबले. "पोरी मोजून बसवाले कोनी बाई पाह्यजे. तुम्ही सांगजा, सूनबाई."

पूनम एक वर्ष उशिरा अकरावीत गेली. ते वर्ष तिला कोणी परत दिले नाही. पुढे तिने बुऱ्हाणपुरात नर्सिंगला प्रवेश घेतला. चारुलताबाईंशी ती आदराने बोले, मोकळेपणाने मात्र कधी बोलली नाही. बाईंनी तशी अपेक्षाही केली नाही.

निवृत्तीच्या वर्षी शाळेची श्रेणी ब होती. निरोपाच्या कार्यक्रमात श्रीकांत सर बोलायला उभे राहिले आणि भाषणाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी गणिताच्या तासिकेचे नवे वेळापत्रक वाचून दाखवले आणि खाली बसले. चारुलताबाई घरी गेल्या. केळीच्या बागेत हिंडणे, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी शेजारच्या मुलांचे अपूर्णांक, असे त्यांचे दिवस जात. दुसऱ्या हिवाळ्यात थोड्याशा आजाराने त्या गेल्या. अंत्ययात्रेत गाव होते, आणि बायकांमध्ये इंदुबाई पुढे होत्या. तापीकाठी अस्थिविसर्जन झाले.

अ श्रेणी शाळेला पुन्हा मिळालेली नाही. अकरावीचा वर्ग गावात अजून सुरू झालेला नाही. मुली जीपने खकनारला जातात. त्या शाळेत नववीत ज्या मुलाचे नाव लागते, ते आता त्याच शाळेतून दहावीच्या परीक्षेला बसते.